पाव फेऱ्यात थांबलेले घड्याळ : हातून चूक झाल्यावर दोष कसा शोधावा

वडिलांचे एचएमटी जनता घड्याळ मी पहिल्यांदा उघडले, धुतले, त्याला तेल दिले आणि पुन्हा जोडायला घेतले, तेव्हा शेवटच्या स्क्रूपर्यंत सारे सुरळीत चालले होते. मागे-पुढे डोलून घड्याळाची चाल ठरवणाऱ्या बॅलन्स व्हीलचा ब्रिज, म्हणजे चाकाला वरून धरणारी धातूची पट्टी, जागेवर ठेवताच चाक आपोआप डोलू लागले, बारीक टिकटिक ऐकू आली आणि मी समाधानाने स्क्रू आवळू लागलो. अर्धा फेरा होईपर्यंत चाक डोलत होते. त्यापुढच्या पाव फेऱ्यात ते मंदावले आणि स्क्रू घट्ट होताच पूर्ण थांबले. त्याच क्षणी हात मागे घ्यायला हवा होता. पण ब्रिज नीट बसला नसेल असे समजून मी आणखी थोडा जोर दिला.

यांत्रिक घड्याळ स्वतः उघडून पाहण्याची हौस असलेल्या अनेकांच्या वाट्याला असा क्षण येतो, आणि त्यानंतर काय करायचे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. माझा अनुभव असा की पहिली चूक बहुधा सुधारण्यासारखी असते. घड्याळ खरे बिघडते ते घाबऱ्या मनाने केलेल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या चुकीने. म्हणून थांबलेल्या मशीनमध्ये दोष कुठे आहे हे काहीही न बिघडवता कसे ओळखायचे, तेवढेच येथे समजावून सांगतो.

उदाहरणासाठी जनताच घेतो, कारण महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत वडिलांचे किंवा आजोबांचे हे घड्याळ आजही एखाद्या कपाटात पडलेले असते. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळे बनवायला सुरुवात केली, आणि केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ मध्ये एचएमटी वॉचेस बंद करण्यास मंजुरी दिली. जनताचे मशीन हाताने चावी द्यायचे, १७ ज्वेलचे (ज्वेल म्हणजे घर्षण कमी करायला बसवलेले, बहुधा छिद्राचे, माणकाचे खडे) आणि साध्या, मजबूत रचनेचे आहे. नव्याने शिकणाऱ्याला याहून चांगले मशीन मिळणे अवघड, कारण जुनी बंद मशीन सुट्या भागांसाठी आजही मिळतात. माझा आग्रहाचा सल्ला असा की वडिलांच्या घड्याळाला हात लावण्याआधी असे एक बंद मशीन घेऊन ते दहा वेळा उघडावे आणि जोडावे. मी तसे केले नव्हते.

आता आतली रचना. ती पाहताच मन दडपते, पण तिच्यात शक्ती एकाच रस्त्याने जाते एवढे लक्षात घेतले की बरीच भीती कमी होते. चावी दिल्यावर बॅरल नावाच्या चपट्या डबीत मुख्य स्प्रिंग गुंडाळली जाते. जुने कारागीर तिला कमान म्हणतात. कमान उलगडू पाहते आणि बॅरलला फिरवते. बॅरलचे दाते पुढच्या चाकाला ढकलतात, ते चाक त्याच्या पुढच्याला, आणि चाकांच्या या साखळीच्या शेवटी एस्केप व्हील असते. त्याचे दाते टोकदार व तिरके असतात. ते सुसाट सुटू नये म्हणून पॅलेट फोर्क त्याचा एकेक दाता अडवतो व सोडतो. फोर्कच्या एका बाजूला माणकाचे दोन इवलेसे पाय असतात, जे एस्केप व्हीलच्या दात्यांत अडकतात, आणि दुसऱ्या बाजूला दुभागलेले टोक असते. बॅलन्स व्हीलच्या आसावर खाली एक लाल खडा बसवलेला असतो. चाक डोलताना तो खडा फोर्कच्या दुभागलेल्या टोकात शिरतो, फोर्कला एका अंगावरून दुसऱ्या अंगावर नेतो आणि तेवढ्यात फोर्ककडून स्वतःला एक हलका धक्का घेऊन बाहेर पडतो. हेअरस्प्रिंग नावाची केसासारखी बारीक, वेढ्यांची स्प्रिंग चाकाला परत आणते. हा झाला एक ठोका आणि त्याच्या परतीची तयारी.

जनताचा बॅलन्स ताशी १८,००० ठोके देतो, म्हणजे सेकंदाला ५ आणि दिवसाला ४,३२,०००. एस्केप व्हीलला सर्वसाधारणपणे १५ दाते असतात आणि एक दाता सुटायला दोन ठोके लागतात. म्हणून ३० ठोक्यांत, अर्थात ६ सेकंदांत, त्याचा एक फेरा होतो. सेकंदकाट्याशी निगडित असलेले चौथे चाक मिनिटाला एक फेरा घेते, मधले चाक तासाला एक, आणि बॅरलला एक फेरा पुरा करायला साधारण सहा ते आठ तास लागतात. सात तास धरले, तर बॅरलच्या एका फेऱ्यात एस्केप व्हीलचे ४,२०० फेरे होतात. चाकांच्या साखळीत वेग जितक्या पटीने वाढतो, तितक्याच पटीने फिरवण्याचा जोर घटतो. म्हणजे मधले घर्षण जमेस धरले नाही, तरी कमानीच्या जोराचा केवळ चार हजारावा भाग एस्केप व्हीलपर्यंत पोहोचतो.

हा हिशेब मनात पक्का बसला की नवशिक्याचे निम्मे कोडे सुटते. बॅरलच्या दात्यात अडकलेला धागा घड्याळ सहज ओढून नेईल, पण तोच धागा एस्केप व्हीलच्या पिव्हटजवळ, म्हणजे आसाच्या बारीक टोकाजवळ असेल, तर घड्याळ जागच्या जागी थांबेल. त्यामुळे बॅलन्सच्या जवळ जावे तसा स्वच्छतेचा आणि हलक्या हाताचा आग्रह वाढत गेला पाहिजे. आपण बहुतेक जण नेमके याच्या उलट करतो, कारण बॅलन्स शेवटी बसतो आणि तोवर डोळे व हात दोन्ही थकलेले असतात.

फेऱ्यांच्या या आकड्यांचा आणखी एक उपयोग आहे. घड्याळ चालते पण मधेच अडखळते, असे असेल तर ते किती वेळाने अडखळते हे वहीत लिहून ठेवावे. दर सहा सेकंदांनी अडखळत असेल तर एस्केप व्हीलकडे पाहावे. दर मिनिटाला त्याच सेकंदावर थांबत असेल तर चौथे चाक किंवा सेकंदकाटा संशयित. दर तासाला त्याच मिनिटावर थांबत असेल तर मधले चाक किंवा मिनिटकाटा. तासकाटा आणि मिनिटकाटा एकमेकांवरून जाताना थांबणारे घड्याळ मशीन खोलण्याआधी काटे पाहायला सांगत असते. काटे बसवताना एक किंचित तिरका राहिला, की तो दुसऱ्याला किंवा काचेला घासतो. अशा घड्याळाचे पूर्ण मशीन खोलून पुन्हा धुणारे हौशी लोक मी पाहिले आहेत, आणि एवढ्या श्रमांनंतर पुन्हा तेच काटे तसेच तिरके बसलेले पाहून मला खरोखर वाईट वाटले आहे.

घड्याळ पूर्णच थांबले असेल, तर पहिले काम म्हणजे हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवणे. शेवटी कुठल्या भागाला हात लागला होता ते आठवावे, कारण दोष बहुधा तिथेच असतो. आता बॅलन्स बाहेर काढावा लागेल. त्याच्या ब्रिजचा स्क्रू काढावा, ब्रिज चिमट्याने हळूच वर घ्यावा, हेअरस्प्रिंगला लटकलेले चाक अलगद सोबत येऊ द्यावे आणि सगळे उलटे करून स्वच्छ कागदावर ठेवावे. चाक हवेत लोंबकळत ठेवून भिंगातून निरखत बसू नये. हेअरस्प्रिंग त्याच्या वजनाने ताणली जाते आणि एकदा तिचा आकार बिघडला की दुरुस्तीचे काम दहापट अवघड होते.

बॅलन्स बाहेर आहे, फोर्क आणि सगळी चाके जागेवर आहेत आणि कमानीत तीन-चार फेऱ्यांची चावी आहे, अशा स्थितीत एक चाचणी करायची असते, आणि मला सांगायचे ते मुख्यतः या चाचणीविषयी आहे. टोकदार लाकडी काडीने फोर्कचे दुभागलेले टोक एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे अगदी सावकाश ढकलावे. सुरुवातीला किंचित विरोध जाणवतो, मग एका ठिकाणी फोर्क काडीला सोडून स्वतःहून टक्‌कन पलीकडे उडी मारतो. पुन्हा उलट्या बाजूने ढकलावे, पुन्हा उडी. असे तीस वेळा करावे, म्हणजे एस्केप व्हीलचा एक पूर्ण फेरा होऊन त्याचा प्रत्येक दाता तपासला जाईल. तीसही वेळा उडी खणखणीत असेल, तर कमानीपासून फोर्कपर्यंतचा रस्ता मोकळा आहे आणि दोष बॅलन्सच्या बाजूला आहे. उडी मंद असेल, फोर्क मधेच सुस्त पडत असेल किंवा दोन्हीकडे नुसता लोळत असेल, तर शक्ती फोर्कपर्यंत पोहोचतच नाही आणि बॅलन्सला हात लावण्यात काही अर्थ नाही. तीसांपैकी एकाच ठिकाणी दर वेळी अडत असेल, तर भिंगातून तो विशिष्ट दाता पाहावा. तिथे तेलात चिकटलेला धुळीचा कण नाहीतर वाकलेले टोक दिसेल.

एका काडीने केलेल्या या चाचणीने संपूर्ण मशीनचे दोन भाग होतात आणि त्यातला एक आपल्या संशयातून सुटतो. माझ्या घड्याळात मी ही चाचणी दुसऱ्या दिवशी सकाळी केली. तीसही उड्या स्वच्छ होत्या. आदल्या रात्री चाकांचा ब्रिज पुन्हा खोलायचा माझा बेत होता. तो तसाच केला असता तर निरोगी चाकांना मी विनाकारण धोक्यात घातले असते.

आधी चाचणी नापास झाल्यास काय करायचे ते पाहू. फोर्क काढण्यापूर्वी कमान पूर्ण उतरवणे सक्तीचे आहे, आणि ही गोष्ट मी कितीही वेळा सांगितली तरी कमीच. कमानीत जोर असताना फोर्क उचलला की चाके एकदम सुसाट फिरतात, आणि त्या वेगात एखादा पिव्हट तुटू शकतो. चावी दोन बोटांत घट्ट धरून किंचित पुढे फिरवावी, म्हणजे बॅरलवरच्या रॅचेट व्हीलच्या दात्यांत रुतलेल्या खटक्यावरचा, अर्थात क्लिकवरचा, दाब कमी होतो. मग क्लिक काडीने बाजूला धरावी आणि चावी बोटांतल्या बोटांत हळूहळू उलटी फिरू द्यावी. क्लिक सुटलेली असताना चावी बोटांतून निसटली तर कमान एका दमात उलगडते आणि नुकसान होते.

कमान उतरल्यावर फोर्क काढावा आणि प्रत्येक चाक चिमट्याच्या टोकाने वर-खाली हलवून पाहावे. चाकाला उभ्या दिशेने केसाएवढी मोकळीक असायला हवी. ती अजिबात नसेल तर पिव्हट ज्वेलच्या छिद्रात बसलेला नाही, किंवा दुसऱ्या जागेचा लांब स्क्रू चुकून इथे लागला आहे आणि त्याचे टोक खालच्या चाकाला टेकते आहे. याउलट चाक एका बाजूला कलते आहे असे दिसले, तर पिव्हट मोडलेला असू शकतो. चाकांचा ब्रिज बसवताना सगळे पिव्हट आपापल्या छिद्रांत गेल्याची खात्री न करता स्क्रू आवळणे, ही शिकाऊ हातांची सर्वांत महागडी चूक आहे. ब्रिज बोटाने अलगद दाबून धरावा, बॅरल किंचित पुढे सरकवावा, आणि शेवटचे चाकही आपोआप फिरत असल्याचे दिसले तरच स्क्रू लावावा.

सगळे मोकळे वाटले, तर फोर्क न बसवता क्लिकचे एक-दोन आवाज येतील एवढीच चावी द्यावी. चाके गरगरत फिरतील, मंदावतील, आणि थांबण्याआधी शेवटचे चाक किंचित उलटे जाईल. ती छोटीशी माघार म्हणजे चाके खरोखर मोकळी असल्याची उत्तम खूण आहे. चाके एकदम थबकली, माघार दिसली नाही, तर कुठे तरी तेल दाट झाले आहे किंवा मळ राहिला आहे.

चावीच्याच बाबतीत दोन तक्रारी वारंवार येतात. चावी देता देता कधीच घट्ट होत नसेल, तर कमान तुटली आहे किंवा तिचे टोक हुकात अडकलेले नाही. चावी सोडताच ती लगेच उलटी फिरत असेल, तर क्लिक किंवा तिची बारीक स्प्रिंग जागेवर नाही. अनेक मशीनमध्ये क्राउन व्हीलच्या, म्हणजे चावीची हालचाल रॅचेट व्हीलकडे नेणाऱ्या चाकाच्या, स्क्रूचे आटे उलटे असतात, म्हणजे तो नेहमीच्या दिशेने फिरवला तर सैल होण्याऐवजी आवळला जातो आणि जोर वाढवला की त्याचे डोके तुटते. स्क्रू हलत नसेल तर जोर वाढवण्याआधी दुसरी दिशा आठवावी.

तेलाविषयी स्वतंत्र बोलायला हवे, कारण यात आपल्याकडचे घरगुती उपाय फार नुकसान करतात. शिवणयंत्राचे तेल किंवा खोबरेल तेल हे मनगटी घड्याळासाठी नव्हे. खोबरेल तर थंडीत गोठते, हे महाराष्ट्रातल्या कोणालाही सांगायला नको. आणि योग्य तेल असले तरी त्याचे प्रमाण महत्त्वाचे असते. ज्वेलच्या वाटीत तेलाचा थेंब पिव्हटभोवती पृष्ठताणामुळे टिकून राहतो. तो थेंब मोठा झाला की हाच पृष्ठताण त्याला ओढून प्लेटवर पसरवतो आणि पिव्हट कोरडा पडतो. म्हणजे जास्त तेल दिलेले घड्याळ काही काळाने बिनतेलाचे होते. चाकांच्या दात्यांना तेल देत नाहीत, फोर्कच्या पिव्हटना देत नाहीत, हेअरस्प्रिंगला तर कदापि नाही. फोर्कच्या माणकाच्या पायांना जिथे एस्केप व्हीलचे दाते लागतात तिथे मात्र द्यावे लागते. फोर्कची उडी सुस्त वाटली आणि आपण त्याच्या पिव्हटना तेल दिल्याचे आठवले, तर कारण शोधायला आणखी पुढे जायची गरज नाही.

धुण्यातली एक चूक अशी आहे की जिच्यामुळे घड्याळ चालते पण वेडेवाकडे चालते. फोर्कचे माणकाचे पाय आणि बॅलन्सखालचा लाल खडा लाखेने चिकटवलेले असतात; आपल्याकडे बांगड्यांसाठी वापरतात तीच लाख, फक्त शुद्ध केलेली. ती स्पिरिटमध्ये विरघळते. सगळे भाग एकाच वाटीत स्पिरिटमध्ये रात्रभर भिजत ठेवणाऱ्याला सकाळी फोर्कचा पाय सुटून वाटीच्या तळाशी दिसतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे तो जागेवरच किंचित सरकलेला असतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. फोर्क आणि बॅलन्स वेगळे, थोडा वेळ आणि बेन्झाइनसारख्या (पेट्रोलियमपासूनचे बेन्झाइन, विषारी बेंझीन नव्हे) लाख न विरघळवणाऱ्या द्रवातच धुवावेत.

आता बॅलन्सची बाजू. फोर्कच्या उड्या खणखणीत असूनही घड्याळ चालत नसेल, तर सर्वांत आधी लाल खडा फोर्कच्या दुभागलेल्या टोकाच्या आत आहे की बाहेर, हे पाहावे. ब्रिज बसवताना खडा बाहेर राहिला, तर तो फोर्कच्या अंगावर बाहेरून आदळतो, चाक एकाच बाजूला डोलते आणि थांबते. यात काहीही मोडलेले नसते. कमान उतरवून ब्रिज पुन्हा बसवला की झाले. त्यानंतर हेअरस्प्रिंग वरून आणि बाजूने पाहावी. वरून पाहताना तिचे वेढे समान अंतरावर दिसले पाहिजेत, बाजूने पाहताना ती ताटासारखी सपाट दिसली पाहिजे. तिचा बाहेरचा वेढा नियामकाच्या, म्हणजे चाल जलद-मंद करायच्या दांडीच्या, दोन बारीक खुंट्यांमधून जातो. तो तिथून निसटून वर-खाली अडकला असेल, तर चाकाची हालचाल लंगडी होते.

घड्याळ हलवल्याशिवाय चालूच होत नसेल, तर ठोका समतोल नसण्याची शक्यता असते. कमान पूर्ण उतरलेली असताना फोर्क त्याची हालचाल दोन्ही बाजूंना रोखणाऱ्या अडथळ्यांच्या बरोबर मध्ये उभा राहिला पाहिजे. तो एका अंगाकडे झुकलेला असेल, तर हेअरस्प्रिंगच्या मधल्या कड्याची जागा फिरली आहे. ते कडे फिरवण्याचे काम मी नवशिक्याला सांगणार नाही, कारण एक चूक झाली की हेअरस्प्रिंगच जाते.

आणि मग पिव्हट. बॅलन्सचा पिव्हट एका केसाच्या जाडीच्या आसपास असतो. ब्रिज ठेवताना डायलच्या बाजूचा पिव्हट प्लेटमधल्या ज्वेलच्या छिद्रात आधी जातो, आणि मग वरचा ब्रिजच्या छिद्रात. दोन्हीपैकी एक जरी छिद्राच्या काठावर टेकलेला राहिला आणि स्क्रू आवळला गेला, तरी पूर्ण दाब त्या एका टोकावर येतो. जनताच्या डायलवर पॅराशॉक लिहिलेले असते ते ज्वेलना स्प्रिंगवर तोलून धरणाऱ्या रचनेमुळे. घड्याळ पडले तर ज्वेल किंचित सरकते आणि पिव्हट वाचतो. पण पिव्हट छिद्रातच नसेल तर ही रचना त्याला कशी वाचवणार? म्हणूनच ब्रिज बसवताना स्क्रू पाव-पाव फेऱ्याने आवळावा, प्रत्येक वेळी चाकाला हळूच हाताने दाबायच्या रबरी फुंकणीने हवा देऊन ते मोकळे डोलते का पाहावे, आणि जिथे ते मंदावेल तिथे स्क्रू लगेच सैल करावा. फुंकर तोंडाने घालू नये. श्वासातल्या ओलाव्याने पोलादी भाग गंजतात.

पिव्हट खरेच दुखावला आहे का, हे ओळखायला मशीन आडवे ठेवून दोन्ही बाजूंनी पाहावे. मशीन आपल्याकडे, डायल खाली, अशा स्थितीत बॅलन्सचा भार डायलकडच्या पिव्हटच्या टोकावर असतो. उलटे केले की ब्रिजकडच्या टोकावर. दोन्ही स्थितींत चाकाचा डोल सारखा हवा. माझ्या घड्याळात डायल वर असताना चाक बरे डोलत होते आणि डायल खाली करताच दोन-चार हेलकाव्यांत थकत होते. डायलकडचे टोक दबले होते, हे तेवढ्यावरून कळले.

घड्याळ चालू झाले पण तासाला कित्येक मिनिटे पुढे जाते आहे, तर हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटताहेत. ती जितकी आखूड, तितका ठोका जलद. वेढे चिकटले की ती आखूड झाल्यासारखीच वागते. कारणे दोन: तेल लागले असेल किंवा चुंबकत्व आले असेल. स्पीकरजवळ ठेवलेला चिमटा किंवा चुंबकीय स्क्रू ड्रायव्हर हे बहुधा मूळ असते. लहान होकायंत्र घड्याळाजवळ न्यावे. बॅलन्सजवळ सुई हलली तर चुंबकत्व आहे, आणि ते काढायचे छोटे यंत्र स्वस्तात मिळते. आधी हे तपासावे, कारण नियामक फिरवून असे घड्याळ ताळ्यावर येत नाही आणि नंतर दुरुस्त झाल्यावर नियामक भलत्याच जागी राहिलेला असतो.

टिकटिक छान चालू आहे आणि काटे मात्र मागे पडताहेत, अशीही तक्रार येते. तेव्हा डायलखालचे कॅनन पिनियन, म्हणजे मिनिटकाटा ज्यावर बसतो ती नळी, सैल झालेले असते. मधल्या आसावर ते घट्ट घर्षणाने बसते, आणि काढताना ते वाकडे ओढले किंवा त्याला जास्त तेल दिले की ते आसावर घसरते. मशीनचा यात दोष नसतो.

पिव्हट बदलणे म्हणजे आस बदलणे, आणि त्यासाठी लागणारी हत्यारे घरी नसतात. मी घड्याळ घेऊन आमच्या बाजारपेठेतल्या एका टपरीवर बसणाऱ्या घड्याळजींकडे गेलो. चाळीस वर्षे ते त्याच काचेच्या पेटीमागे बसतात. मी काय काय केले ते सगळे क्रमाने सांगितले, आणि माझा आग्रह आहे की प्रत्येकाने तसे सांगावे. लपवल्याने त्यांचा वेळ जातो आणि आपले पैसे.

त्यांनी भिंग डोळ्याला लावले, बॅलन्स दिव्यासमोर फिरवून पाहिला आणि विचारले, "फोर्क काढला होतात का?"

"नाही काका. आधी काडीने तपासला. तीसही वेळा नीट उडाला."

"मग बाकीचे मशीन चांगले आहे," ते म्हणाले, आणि पेटीच्या खणातून एक जुने बंद जनता मशीन काढले. त्यातला बॅलन्स त्याच्या हेअरस्प्रिंगसकट उचलून त्यांनी माझ्या प्लेटवर ठेवला, ब्रिज बसवला, आणि स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिला.

मी पाव फेरा आवळला आणि थांबलो. चाक डोलत होते. आणखी पाव. डोलत होते. शेवटचा पाव फेरा देताना ते किंचितही मंदावले नाही. त्यांनी मशीन टाइमग्राफरवर, म्हणजे टिकटिक ऐकून घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावर, ठेवले: डायल वर असताना चाकाचा झोका २७१ अंश, उभे धरल्यावर २४४, दिवसाला ११ सेकंद पुढे, ठोक्यांतला फरक १.२ मिलिसेकंद. दुखावलेला बॅलन्स त्यांनी एका छोट्या प्लॅस्टिकच्या डबीत घालून मला परत दिला आणि भिंगातून त्याचे टोक रोज एकदा पाहायला सांगितले.